नदीकाठचं चिनी देऊळ

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुकर लागत नव्हता. बाकीचे आवाज जागच्या जागी होते. खिडकीतला पाण्याचा कूलर सकाळी दहापासून घुरघुरायला लागायचा, पीचच्या बागांकडे जाणारे ट्रक समोरच्या रस्त्यावरून खडखडत जायचे, शेजारच्या घरातला रेडिओ दुपारभर चालू असायचा. पण आमच्या स्वयंपाकघरात शांतता होती, आणि ती मला घराच्या कुठल्याही कोपऱ्यात ऐकू यायची. आई बैठकीच्या खोलीत कूलरसमोरच्या खुर्चीत बसून असायची. आंघोळ करायची, वेणी घालायची, विचारलं तर उत्तर द्यायची. तिचं काही बिघडलं आहे असं बाहेरच्या माणसाला वाटलं नसतं. मला मात्र कळत होतं की ती घरात नव्हती.

आम्ही नागपूरहून अमेरिकेत येऊन दीड वर्ष झालं होतं. मी चौदा वर्षांची होते. बाबा कालव्यांच्या खात्यात इंजिनियर होते आणि कॅलिफोर्नियाच्या मोठ्या खोऱ्यातल्या एका लहान गावात त्यांना नोकरी मिळाली होती. उन्हाळा तिथेही नागपूरसारखाच तापायचा, त्यामुळे कूलर बघून आईला आल्याआल्या फार आनंद झाला होता. "निदान एक वस्तू ओळखीची निघाली," असं ती म्हणाली होती. गावात मराठी सोडा, भारतीय घरंच मोजून तीन. डाळ आणि बेसन आणायला दोन तास गाडी हाकावी लागे. तरी आई रविवारी वडाभात करायची. भातावर वडे कुस्करून वरून हिंग-मोहरीची गरम फोडणी ओतली की तो चर्र आवाज ऐकून बाबा वर्तमानपत्र टाकून उठायचे. मग आईला दिवस गेले. पलंगाखाली लोकरीच्या गुंड्यांची पिशवी आली, मी बाळाच्या खोलीला रंग कोणता द्यायचा यावर बाबांशी वाद घालू लागले. सातव्या महिन्यात आईला अचानक हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. चार दिवसांनी ती रिकाम्या हातांनी परत आली. बाबांनी मला स्वयंपाकघरात बोलावून एवढंच सांगितलं, "अंजू, बाळ राहिलं नाही. आईला काही विचारू नकोस."

मी विचारलं नाही. पण लाकडी भिंतींच्या घरात सगळं ऐकू येतं. एका संध्याकाळी मी शेजारच्या खोलीत गृहपाठ करत होते आणि आईचा आवाज आला, "कुठे नेलं तिला?"

"हॉस्पिटलनेच केलं सगळं," बाबा म्हणाले. "त्यांची पद्धत असते. मी सही केली."

"मला न विचारता?"

"तू शुद्धीवर नव्हतीस. डॉक्टर म्हणाले, बघू नका, बघितलं की विसरणं जड जातं."

"तुम्ही सही केली," आई म्हणाली, आणि विषय तिथे संपला. संपला म्हणजे पुढे तीन महिने त्या दोघांमध्ये मीठ दे आणि दार लाव याखेरीज बोलणं झालं नाही. त्या संध्याकाळी मला दोन गोष्टी नव्याने कळल्या होत्या. बाळ मुलगी होती, म्हणजे मला बहीण झाली होती. आणि आई बाबांना माफ करणार नव्हती.

स्वयंपाक मी करू लागले. डब्यातलं टोमॅटोचं सूप, टोस्ट, गिचका झालेला भात. बाबा प्रत्येक घासाला "छान झालंय" म्हणायचे. आज माझी नात माझ्या हातच्या आमटीला नाक मुरडते तेव्हा मला त्या 'छान झालंय'ची आठवण येते. बाबा खोटं बोलत होते आणि मला ते हवंहवंसं वाटत होतं.

शाळेला सुट्टी होती, पण चित्रकलेचा उन्हाळी वर्ग चालू होता. आमच्या बाईंनी काम दिलं की गावातली एक जुनी इमारत निवडा आणि ती आतून-बाहेरून मापं घेऊन काढा. मुलांनी पटापट कोर्टाची इमारत, रेल्वे स्टेशन, जुनं थिएटर वाटून घेतलं. माझ्या वाट्याला नदीच्या बांधाखालचं चिनी देऊळ उरलं. ते फक्त शनिवारी उघडं असायचं. वर्गातली एक मुलगी म्हणाली, तिथे मेलेल्या माणसांची हाडं आहेत. मी वही आणि मोजपट्टी सायकलच्या टोपलीत टाकली आणि शनिवारी सकाळी निघाले.

बाहेरून ते देऊळ वाटतच नव्हतं. विटांची लांबोडकी, बिनखिडक्यांची इमारत, बाजूने पाहिली तर धान्याचं गोदाम. समोर गेल्यावर मात्र ओसरी दिसली. हिरव्या चकाकत्या कौलांचं छप्पर, त्याची दोन्ही टोकं वर वळलेली, आणि खाली लाकडाच्या तुळया एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या असाव्यात तशा रचलेल्या. दाराचा उंबरठा माझ्या गुडघ्याला लागेल इतका उंच होता. तो ओलांडून आत पाऊल टाकलं तर समोर सरळ वाट नाहीच. हातभर अंतरावर कोरीव लाकडाचा पडदा आडवा उभा. मी गोंधळून थांबले तेव्हा पडद्याच्या बाजूने एक म्हातारी बाई डोकावली. एवढ्या उकाड्यात तिने निळा स्वेटर घातला होता आणि कमरेला दोरीने किल्ल्या बांधल्या होत्या. त्या मिसेस लाउ. देवळाची देखभाल त्या एकट्याच करत.

"वळून ये," त्या म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, एका वेळी तीन-चार शब्दांचं. "वाईट गोष्टी सरळ चालतात. त्यांना वळता येत नाही. म्हणून पडदा."

मी वळून आत गेले. मध्ये एक चौक होता आणि त्यावरचं छप्पर मुद्दाम उघडं ठेवलं होतं. वरून उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडला होता. छताला टांगलेल्या उदबत्तीच्या मोठमोठ्या वेटोळ्यांचा धूर हळूहळू त्या उजेडात शिरून वर निघून जात होता. चौकापलीकडे अंधार, आणि अंधारात सोनं. डोळे सरावल्यावर कळलं की तो सोन्याचा मुलामा दिलेला देव्हारा आहे, इतका दाट कोरलेला की त्यात पक्षी, घोडेस्वार, पूल आणि पुलावरून जाणारी इवलीशी माणसंही होती. मध्यभागी काळ्या दाढीचा उत्तरेचा देव. तो पाण्याचा मालक, म्हणून नदीकाठी त्याला बसवलेला. मिसेस लाउ म्हणाल्या की हा देव्हारा चीनमधून बोटीने तुकड्यांत आला आणि इथे जोडला, एकही खिळा न मारता. विटा इथल्याच, देव तिकडचा. मी मापं घेऊ लागले तशी त्यांनी मोजपट्टीचं दुसरं टोक धरलं. "कशासाठी?" एवढंच त्यांनी विचारलं. शाळेसाठी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, जणू शाळा हे देवळात येण्याचं चांगलंच कारण आहे.

आता मी मुलाबरोबर देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॉरिसव्हिलला राहते. घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर आपलं मोठं मंदिर आहे, त्याला भलामोठा पार्किंग लॉट आहे, रविवारी डोसे मिळतात, आणि कळस दुरून हायवेवरून दिसतो. मला ते आवडतं. तरी देऊळ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी तो चौक येतो. मी तिथे बारा-पंधरा माणसांपेक्षा जास्त गर्दी कधीच पाहिली नाही. लाकूड शंभराहून अधिक वर्षांच्या धुराने काळं झालं होतं आणि त्याला हात लावला की बोटांना वास लागायचा. ज्यांनी ते बांधलं ते खाणींत आणि रेल्वेवर राबणारे, एकटे, बायकामुलं मागे ठेवून आलेले पुरुष होते. स्वतः ते पत्र्याच्या खोपटांत राहिले. देवाला मात्र त्यांनी घरच्यासारखं घर दिलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त इतकंच जाणवलं की आत आल्यावर कानातला कूलरचा आवाज थांबला.

दुपारी घरी आले. आई नेहमीच्या खुर्चीत होती. मी तिच्या मागून स्वयंपाकघराकडे जात होते, तर ती एकदम वळली.

"उदबत्तीचा वास येतोय. कुठे गेली होतीस?"

तीन महिन्यांत तिने मला आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी घाईघाईने सगळं सांगितलं. थांबले तर ती पुन्हा खिडकीकडे वळेल अशी भीती वाटत होती. पडदा, चौक, धूर, सोन्याचा देव्हारा. देव्हाऱ्याच्या डाव्या अंगाला पांढऱ्या वस्त्रातली एक देवी होती तिच्याबद्दलही सांगितलं, मिसेस लाउंनी तिचं नाव क्वान यिन सांगितलं होतं. आणि देवाला संत्री वाहतात, तीन पेल्यांत चहा ठेवतात, हेही.

"चहा?" आई म्हणाली. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. मग थोड्या वेळाने, "पुढच्या शनिवारी मीही येते."

शनिवारी मला स्वयंपाकघरातून रवा भाजल्याचा वास आला. आईने शिरा केला होता. फार नाही, एका वाटीचा. तिने तो झाकण लावून रुमालात बांधला आणि बाबांना म्हणाली, "सोडता का आम्हाला?" बाबा किल्ल्या घ्यायला इतक्या लगबगीने उठले की त्यांची खुर्ची मागे पडली.

देवळापाशी पोचल्यावर आई उतरली. बाबा म्हणाले, "तुम्ही जा. मी गाडीतच बसतो." आईने आग्रह केला नाही. उंबरठा पाहून ती क्षणभर थांबली, साडी जराशी वर धरली आणि त्यावर पाय न देता पलीकडे गेली. मिसेस लाउंनी ते पाहिलं. "येणारे सगळे पाय देतात," त्या मला म्हणाल्या. "हिला कुणी सांगितलं?" मी ते आईला विचारलं. आई म्हणाली, "त्यांना सांग, आमच्याकडेही देत नाहीत." अशी माझी दुभाष्याची नोकरी सुरू झाली. आईला इंग्रजी समजायचं पण बोलताना ती अडायची; मिसेस लाउ बोलायच्या पण गाळून गाळून. दोघींच्या मधे मी.

आईने शिरा पुढे केला. मिसेस लाउंनी वाटीचं झाकण उघडून वास घेतला आणि ती उत्तरेच्या देवापुढे न ठेवता सरळ पांढऱ्या वस्त्रातल्या देवीपुढे नेऊन ठेवली. "गोड हिला आवडतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ही तुमच्याकडची. फार पूर्वी तुमच्या देशातून आली. तेव्हा पुरुष होती. चीनमध्ये येऊन बाई झाली."

मी भाषांतर करताना हसले. आई हसली नाही. तिने विचारलं, "नावाचा अर्थ काय?"

मिसेस लाउंनी विचार केला. कानाला हात लावून दाखवला. "ऐकते ती. रडतं कोण, ते ऐकते."

मी ते मराठीत सांगितलं आणि आईकडे पाहिलं नाही.

देव्हाऱ्याच्या मागे एक अरुंद खोली होती. गेल्या वेळी मी तिथे गेले नव्हते. मिसेस लाउंनी किल्लीने दार उघडलं. भिंतीला लागून पायऱ्यापायऱ्यांच्या फळ्या आणि त्यांवर उभ्या लाकडी पाट्या, प्रत्येकीवर वरून खाली चिनी अक्षरं. ही इथे मेलेल्यांची नावं होती. पूर्वी इथे कुणी मेलं, की काही वर्षांनी त्याची हाडं उकरून, धुऊन, पेटीत भरून बोटीने त्याच्या गावी पाठवत, म्हणजे घरचे लोक तिथे पूजा करतील. या खोलीत त्या पेट्या बोटीची वाट पाहत राहायच्या. आता पेट्या नव्हत्या. मिसेस लाउ म्हणाल्या, शेवटच्या काही गेल्याच नाहीत; पत्ते हरवले होते, कुणाचे कोण ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांना गावच्या दफनभूमीत ठेवलं. मग त्यांनी सगळ्यात खालच्या फळीवरच्या एका पाटीकडे बोट दाखवलं. ती इतरांपेक्षा रुंद होती आणि तिच्यावर अक्षरं मोजकीच होती.

"ही ज्यांना कुणी नाही त्यांची," त्या म्हणाल्या. "नाव माहीत नाही. मुलं नाहीत. कुठे पुरलं माहीत नाही. सगळ्यांची मिळून एक. आमच्या वर्षाच्या सातव्या महिन्यात आम्ही यांना जेवायला घालतो. नाहीतर भुकेले राहतात."

मी भाषांतर करू लागले आणि 'कुठे पुरलं माहीत नाही' इथपर्यंत आल्यावर थांबले. आईला भाषांतराची गरज नव्हती. तिला समजलं होतं. ती त्या पाटीकडे पाहत उभी राहिली, आणि मग तिने स्वतः, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मिसेस लाउंना सांगितलं की तिला एक मुलगी झाली होती. हॉस्पिटल. मार्च महिना. आता कुठे आहे ते माहीत नाही.

वाईट वाटलं असं मिसेस लाउ म्हणाल्या नाहीत. त्या काळात आम्हाला भेटणारी प्रत्येक बाई ते म्हणत असे. त्यांनी कोपऱ्यातल्या खोक्यातून पिवळ्या कागदाची एक पट्टी काढली, शाईची बाटली उघडली, कुंचला बुडवला आणि मान वर करून विचारलं, "नाव?"

मी म्हणणार होते की नाव नाही. तोंड उघडलंही होतं.

"रेवा," आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहतच राहिले. घरात हे नाव कधी कुणी उच्चारलं नव्हतं. मिसेस लाउंनी ते दोनदा म्हणून पाहिलं. त्यांच्या जिभेवर र बसत नव्हता. "ले-वा," त्या म्हणाल्या आणि संकोचाने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "चालेल." त्यांनी दोन अक्षरं सावकाश लिहिली, पट्टीवर फुंकर घातली आणि ती त्या रुंद पाटीच्या एका कडेला चिकटवली. तिथे आधीच तशा पाच-सहा पट्ट्या होत्या, जुन्या, तपकिरी झालेल्या. मग त्यांनी आईच्या हातात तीन उदबत्त्या दिल्या.

मागे काहीतरी हललं म्हणून मी वळले. दारात बाबा उभे होते. गाडीत बसवेना म्हणून ते ओसरीच्या सावलीत आले होते, तिथल्या तुळयांचे सांधे बघता बघता आत, आणि मग आमचे आवाज ऐकून इथपर्यंत. ते केव्हापासून उभे होते ते मला माहीत नाही. चष्मा त्यांच्या हातात होता. नाव त्यांनी ऐकलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मिसेस लाउंनी त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि खोक्यातून आणखी तीन उदबत्त्या काढून त्यांच्यापुढे धरल्या. बाबा देवधर्म करणारे नव्हते. त्यांनी त्या घेतल्या. आईच्या शेजारी उभं राहून, आईचं पाहत पाहत, ते वाकले.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. आई गाडी चालवायला शिकली ती त्या देवळात जाण्यासाठी. दर शनिवारी ती आणि मिसेस लाउ मिळून चौक झाडायच्या, समया नव्हे पण तशीच पितळेची भांडी घासायच्या, आणि फारसं न बोलता चहा प्यायच्या. ओसरीची एक तुळई खाली बसत चालली होती; बाबांनी दोन शनिवार खपून ती सरळ केली, खिळा न वापरता, कारण मिसेस लाउंनी तशी अट घातली होती. मिसेस लाउ गेल्या तेव्हा मी कॉलेजात होते. त्यांचं नाव वरच्या फळीवर लागलं. आई-बाबांचं सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. ती सही आईच्या बोलण्यात भांडणाच्या वेळी म्हातारपणापर्यंत अधूनमधून यायची. पण मग बाबाही उत्तर द्यायचे, आणि ते बोलणं पूर्ण व्हायचं.

त्या दुपारी मात्र आम्ही तिघं गाडीत बसलो. गावाबाहेर पीचच्या बागा लागल्या तेव्हा बाबांनी विचारलं, "नाव कधी ठेवलंस?"

"पाचव्या महिन्यात," आई समोर बघत म्हणाली. "मुलगी झाली तर म्हणून. बारशाच्या दिवशी सांगणार होते तुम्हाला."

बाबांनी गाडी हळू केली, मग रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन चालूच होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते काचेतून पुढे पाहत राहिले.

"मी पाहिलं होतं तिला," बाबा म्हणाले. "नर्सने विचारलं, बघायचंय का. मी हो म्हटलं. थोडा वेळ घेऊनही बसलो होतो."

आई वळली. तिने त्यांच्याकडे इतकं सरळ पाहिल्याला कितीतरी महिने झाले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला बघू दिलं नाही आणि मी बघितलं. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

बाजूने ट्रक गेला, आमची उभी गाडी हादरली. आई बराच वेळ त्यांच्या हातांकडे पाहत होती. शेवटी तिने विचारलं, "केस होते?"

"होते," बाबा म्हणाले. "काळे. भरपूर होते."